दारावरच्या कमानीतली रंगीत तावदानं: तशी काच आज कुणी करून देईल का?

चरईकरीण

नमस्कार. ठाण्यात चरईला आमचं आजोबांच्या वेळचं बैठं घर आहे. दिवाळीनंतर ते पाडून इमारत होणार. घर जाणार हे मनाने केव्हाच स्वीकारलंय, पण ओटीवरून माजघरात जाताना दाराच्या वर अर्धगोल कमान आहे, तिच्यातली सात तावदानं मी सोडणार नाही, असं बिल्डरला पहिल्याच बैठकीत सांगून ठेवलंय. तीन लाल, दोन निळी, एक हिरवं, एक पिवळं. लाल तावदानांत मधोमध पांढरी चांदणी आहे. घर पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे संध्याकाळी पाचनंतर ती चांदणी माजघराच्या लादीवर उतरते आणि देवघराकडे सरकत जाते. लहानपणी आम्ही भावंडं तिच्यावर पाय ठेवायचो नाही.

गेल्या आठवड्यात चौकट उतरवताना एक लाल तावदान तडकलं. सुतारकाकांचा दोष नाही, काच बसवायची जुनी लांबी (पुट्टी) दगडासारखी झाली होती. दोन तुकडे झाले आणि एक कपची उडाली. स्टेशनजवळच्या एका काचवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "साध्या काचेवर लाल फिल्म लावतो, चांदणी कापून देतो. फरक कळला तर पैसे देऊ नका." फरक कळेल असं मला ठामपणे वाटतं, पण का ते मला सांगता येईना.

म्हणून विचारते. रंग काचेच्या आत जातो कसा? ती चांदणी कशी केली असेल? आणि अशी काच आज कुणी करतं का? बाबा ७८ वर्षांचे आहेत आणि रोज एकदा ते दोन तुकडे जुळवून बघतात.

खाडीकाठचा

आमच्या कळव्याच्या घरी अशी निळी काच होती. तिच्यातून बघितलं की भर मे महिन्यात पावसाळी वाटायचं. वाचतोय.

रबाळे३१

ताई, ३१ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रयोगशाळेची काचेची उपकरणं फुंकली आहेत, म्हणून थोडं सांगतो. तावदानं करणं हे माझं काम नव्हे, पण काच तीच.

काच म्हणजे मुळात वाळू. नुसती शुद्ध वाळू वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. त्यात सोडा घातला की हे तापमान बरंच खाली येतं. पण वाळू आणि सोडा एवढ्यानेच केलेली काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना लागतो. खिडकीच्या साध्या काचेत शंभर भागांत साधारण सत्तर-बाहत्तर भाग वाळूचे, तेरा-चौदा सोड्याचे आणि दहाच्या आसपास चुन्याचे असतात.

काचेला बर्फासारखा ठरावीक वितळबिंदू नाही. स्वयंपाकघरातला पाक डोळ्यांसमोर आणा: एकतारी, दोनतारी, मग गोळीबंद. काचही अशीच गार होता होता दाट होत जाते. भट्टीतून फुंकणीवर घेतलेला गोळा ११०० अंशांच्या आसपास मधासारखा असतो, आणि तो दाट होईपर्यंतची मिनिटं हाच कारागिराचा सगळा वेळ. हातातून निसटायला लागला की पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरायचा, पुन्हा फुंकायचा.

रंग येतो धातूंमुळे, आणि तो याच रसात मिसळलेला असतो. निळ्याला कोबाल्ट, तोही इतका थोडा लागतो की हातून चिमूटभर जास्त पडला तर काच काळी दिसते. हिरव्याला लोखंड किंवा क्रोमियम, आकाशी-हिरवट रंगाला तांबं, जांभळ्याला मँगेनीज. कारखान्यात वाळूतल्या लोखंडाची हिरवी झाक घालवायलाही मँगेनीज वापरत, म्हणून त्याला काचेचा साबण म्हणायचे.

खरी काच ओळखायची तर तुटलेल्या कडेकडे बघा. रंग आरपार असेल तर ती खरी. फिल्मचा रंग फक्त वर असतो.

वाशी_फसाड

रबाळेकाकांचा प्रतिसाद आवडला, शेवटचं वाक्य सोडून. मी इमारतींच्या दर्शनी काचांचं काम करतो. रंग वर असला म्हणून काच नकली ठरत नाही.

फिल्म वेगळी आणि छपाई वेगळी. काचेच्याच बारीक भुकटीत रंगद्रव्य मिसळून केलेली शाई काचेवर छापतात आणि मग ती काच टफन, म्हणजे जास्त मजबूत, करताना ६०० अंशांच्या वर तापवतात. ती भुकटी वितळून काचेचाच भाग होते, नखाने खरवडून निघत नाही, उन्हाने उडत नाही. फिल्म मात्र प्लॅस्टिक. ठाण्याच्या उन्हापावसात काही वर्षांनी कडा सुटतात, फुगे येतात. त्या दुकानदाराला फक्त एवढंच विचारा, दहा वर्षांची हमी लिहून देता का?

टफन केलेल्या काचेबद्दल एक सूचना. ती नंतर कापता येत नाही. हिरा लावला की अख्खी काच भुगा होऊन खाली. मापं आधी पक्की करा.

चरईकरीण

दोघांनाही मनापासून धन्यवाद. हमीचा प्रश्न उद्याच विचारते.

घणसोलीची_मृणाल

माझ्याकडे घरी छोटी विजेची भट्टी आहे, मी काच वितळवून ताटल्या आणि भिंतीवरचे तुकडे करते. फुंकणं नाही, फक्त थरावर थर. काच कापायची, एकमेकांवर रचायची, खाली तंतूंचा कागद घालायचा, नाहीतर काच भट्टीच्या फरशीला कायमची चिकटते, आणि तापमान हळूहळू चढवायचं. साडेसहाशेच्या आसपास काच वाकून साच्याचा आकार घेते, साडेसातशेला तुकडे एकमेकांना धरतात पण कडा उठून दिसतात, आठशेच्या पुढे सगळं एकजीव होऊन सपाट होतं. त्या पन्नास-पन्नास अंशांत पूर्ण वेगळी वस्तू तयार होते.

पहिल्या वर्षी मी एक ताटली केली, खिडकीची जुनी काच खाली आणि विकत आणलेली रंगीत काच वर. भट्टीतून निघाली तेव्हा अप्रतिम दिसत होती. आईला दाखवायला दिवाणखान्यात ठेवली. रात्री अडीचला टण्ण असा आवाज आला, आम्ही सगळे उठलो, बघतो तर ताटलीचे चार तुकडे. कुणी हात लावला नव्हता.

कारण नंतर कळलं. प्रत्येक काच तापल्यावर वेगवेगळी प्रसरण पावते आणि गार होताना तेवढीच आकसते. माझ्या दोन काचांचे हे प्रसरणाचे आकडे जुळत नव्हते. एक जास्त आकसायला बघत होती, दुसरी तिला सोडत नव्हती. ती ओढाताण काचेत तशीच साठून राहिली आणि रात्री सुटली. म्हणून या कामाची काच विकत घेताना ९० किंवा ९६ असा आकडा बघून घ्यावा लागतो आणि दोन आकड्यांची काच एकत्र करायची नसते. खिडकीची काच तर दोन्हींपेक्षा वेगळी.

ताई, तुमचं तावदान वितळवून पुन्हा जोडून देऊ का, असं कुणी विचारलं तर देऊ नका. जुन्या काचेचा आकडा कुणालाच ठाऊक नसतो.

नौपाड्याचा_निखिल

रात्री अडीचला! आमच्याकडे असं झालं असतं तर आजीने सकाळी नारळ फोडला असता.

पण मला एक कळलं नाही. आकडा जुळत असला तर काच कशीही गार केली तरी चालते का?

रबाळे३१

नाही. माझ्या मते या सगळ्या विद्येचं अर्धं मोल इथे आहे, आणि बघणाऱ्याला ते दिसतच नाही.

बाहेरचा पृष्ठभाग आधी गार होऊन घट्ट होतो, आतला भाग अजून गरम. मग आतला आकसायला लागतो आणि बाहेरच्याला ओढतो. म्हणून वस्तू झाली की ती लगेच दुसऱ्या भट्टीत, साधारण ५०० अंशांवर, मुरत ठेवतात. तिथे ताण सुटतो. मग तासागणिक थोडं थोडं करून खाली आणायचं. पेला असेल तर रातोरात होतं, हाताएवढ्या जाडीचं शिल्प असेल तर कित्येक दिवस. कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीचा आरसा १९३४ साली ओतला, तो गार व्हायला जवळजवळ दहा महिने दिले होते.

घरी बघायचं असेल तर लॅपटॉपचा पांढरा पडदा लावा, त्याच्यापुढे काच धरा आणि पोलराइज्ड गॉगल घालून, डोकं थोडं तिरपं करत बघा. ताण असेल तिथे इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. आमच्या खात्यात प्रत्येक उपकरण असंच तपासून बाहेर जायचं.

मृणाल, तुम्ही तुमचा अनुभव इतका मोकळेपणाने लिहिलात, फार बरं वाटलं.

घणसोलीची_मृणाल

काका, आत्ताच मुलाचा गॉगल घेऊन करून पाहिलं. माझ्या एका जुन्या वाटीच्या काठाला निळा-पिवळा पट्टा दिसतोय! ती उद्यापासून वापरातून बाद.

सदाशिव_ठाणे

जुन्या काचा खालून जाड असतात, कारण काच हा घट्ट दिसणारा द्रव आहे आणि शंभर वर्षांत ओघळतो. चरईकरीण ताईंची काच त्यामुळेच कमकुवत झाली असेल.

वाशी_फसाड

सदाशिवराव, हे फार ऐकायला मिळतं, पण तसं नाही. घरातल्या तापमानाला काच शंभर काय, हजार वर्षांतही डोळ्यांना दिसेल इतकी ओघळत नाही. तसं असतं तर संग्रहालयांतल्या रोमन काळच्या बाटल्या बसक्या झाल्या असत्या.

जाडी कमीजास्त असायची ती करण्याच्या पद्धतीमुळे. पूर्वी सपाट काच फुंकूनच करत. मोठा लांबट फुगा फुंकायचा, दोन्ही टोकं कापून नळकांडं करायचं, उभा छेद द्यायचा आणि भट्टीत पुन्हा गरम करून चटईसारखं उलगडायचं. त्यामुळे लाटा, बुडबुडे, कमीजास्त जाडी. बसवणारा जाड बाजू खाली ठेवायचा, पण नेहमीच नाही. आजची गुळगुळीत काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात, ती पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टनने १९५९ मध्ये जाहीर केली.

ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही यात आहे. नळकांडं फुंकून रंगीत काच करणं आजही चालू आहे, जर्मनीत वाल्डसासेनला आणि फ्रान्समध्ये सँ-ज्यूस्तला. हाताने काच करण्याची ही विद्या २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. तेव्हा काच मिळते, पण एका तावदानासाठी मागवणं महाग पडेल.

सदाशिव_ठाणे

समजलं. शाळेत असंच शिकवलं होतं, पण रोमन बाटल्यांचा मुद्दा पटला.

कासारआळी

अवांतर: सगळं जर्मनी-फ्रान्सचं चाललंय म्हणून आपल्याकडचं लिहिते. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा कारखाना होता, त्यांचा प्रभाकर कंदील माझ्या माहेरी अजून माळ्यावर आहे, काचेसकट.

आणि फिरोजाबाद. माझे सासरे बांगड्यांच्या खरेदीला जायचे, एकदा मलाही नेलं होतं. भट्टीतला रस फिरत्या दांड्यावर तारेसारखा गुंडाळत जातो, त्याचं लांब वेटोळं तयार होतं, ते उभं कापलं की उघड्या तोंडाच्या कड्या सुट्या होतात. मग त्या घरोघरी जातात. बायका छोट्या ज्योतीवर दोन्ही टोकं जोडतात, त्याला तिकडे जुडाई म्हणतात. एका खोलीत तीन पिढ्या बसलेल्या मी पाहिल्या. उन्हाळ्यातही पंखा बंद, कारण ज्योत हलते. लग्नातला हिरवा चुडा हातात घेतला की मला ती खोली आठवते. काचेचं कौतुक करताना त्या बायकांची नावं कुठेच येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

खाडीकाठचा

कासारआळी ताई, या अवांतरावर वेगळा धागा काढाच.

चरईकरीण

मंडळी, मन खट्टू झालंय.

रबाळेकाकांनी सांगितल्याप्रमाणे तुटलेली कड उन्हात धरली. निळ्या तावदानाचा सुटा कोपराही बघितला, तो आरपार निळा आहे. पण लाल काचेची कड जवळजवळ पांढरी, किंचित हिरवट. लाल रंग फक्त एका बाजूला, केसाएवढ्या रेघेइतका! म्हणजे आजोबांनी त्या काळातच वरून रंगवलेली काच घेतली होती? काचवाल्याला दाखवली तर तो म्हणाला, "बघा, मी तेच सांगत होतो." बाबांना मी अजून हे सांगितलेलं नाही.

रबाळे३१

ताई, बाबांना लगेच सांगा, पण वेगळी बातमी म्हणून सांगा. चूक माझी आहे. मी एका वाक्यात नियम सांगून टाकला आणि लाल रंगाचा अपवाद विसरलो. फसाडवाल्यांनी टोकलं होतं ते बरोबरच होतं.

तुमची काच खरी आहे आणि साध्या रंगीत काचेपेक्षा जास्त कौशल्याची आहे. तांब्याचा लाल रंग इतका गडद असतो की पूर्ण जाडीची काच केली तर ती काळीच दिसते, ऊन आरपार येतच नाही. म्हणून युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या खिडक्यांपासून कारागीर लाल काच पापुद्र्याने करत आले आहेत. फुंकणीवर एका रंगाचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या रंगाच्या रसात बुडवायचा आणि मग फुंकायचं. फुगा मोठा होतो तसे दोन्ही थर बरोबर पातळ होत जातात. शेवटी बहुतेक जाडी पांढऱ्या काचेची, आणि लाल तुम्ही म्हणता तसा केसाएवढा. तो चिकटवलेला नाही. रस असतानाच जुळलेला आहे. दोन्ही काचांचं आकसणं जुळावं लागतं, मृणालच्या ताटलीचं झालं ते इथे होऊन चालत नाही.

लाल रंगाची आणखी एक गंमत. तांबं किंवा सोनं घातलेला रस फुंकताना कित्येकदा जवळजवळ बिनरंगी असतो. पुन्हा भट्टीच्या धगीत धरला की धातूचे अतिसूक्ष्म कण जमा होतात आणि डोळ्यांदेखत लाली चढते. जास्त वेळ धरली तर मातकट तपकिरी. कारागिराला तो क्षण नजरेनेच पकडावा लागतो.

आता चांदणी. लाल बाजूवरून नख फिरवा. चांदणीच्या कडेला बारीक पायरी लागेल. लाल थर तेवढ्या जागेत काढून टाकून खालची पांढरी काच उघडी केलेली आहे. चाकावर घासून किंवा आम्लाने. घासलेली असेल तर भिंगातून बारीक ओरखडे दिसतील.

वाशी_फसाड

काका, हे मलाही नवीन होतं. उद्या साइटवर चहाच्या वेळी सगळ्यांना सांगणार.

पिवळ्या तावदानाचंही असंच असू शकतं. चांदीचं संयुग काचेवर लावून भाजलं की चांदी काचेच्या अंगात शिरते आणि पिवळा रंग येतो. युरोपात ही युक्ती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. तेव्हा त्याचीही कड बघाल तेव्हा घाबरू नका.

तुर्भे_केमिस्ट

आम्लाचा विषय निघालाय म्हणून कळकळीने लिहितो. काच खाणारं आम्ल म्हणजे हायड्रोफ्लोरिक. व्हिडिओ बघून घरी चांदणी कोरायला कुणी ते आणू नका. सौम्य असेल तर कातडीवर पडल्याचं लगेच कळतही नाही, वेदना काही तासांनी सुरू होतात, तोवर ते आत हाडापर्यंत पोहोचलेलं असतं आणि शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. कारखान्यात कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी असल्याशिवाय आम्ही बाटलीचं झाकण उघडत नाही.

नक्षीसाठी वाळूचा फवारा मारतात, ते काम आपल्याकडे बरेच जण करतात. काचेवर स्टिकर लावायचा, नक्षी कापून काढायची आणि उघड्या जागेवर फवारा. तिथेही बंद पेटी आणि मास्क हवाच. वाळूची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

घणसोलीची_मृणाल

ताई, आता दुरुस्तीचं. नवं तावदान करूच नका असं माझं मत आहे. जुने दोन तुकडे आहेत ना? ते जोडता येतात.

दिव्यांच्या रंगीत शेडला वापरतात ती पद्धत: तुकड्यांच्या कडांना तांब्याची चिकट पट्टी गुंडाळायची, तुकडे जुळवायचे आणि पट्टीवरून सोल्डर चालवायचं. चिरेच्या जागी एक बारीक रेघ दिसेल, काळी करून घेतली तर ती चौकटीच्या रेषांसारखीच वाटते. रेघ नको असेल तर कडा पारदर्शक इपॉक्सीने जोडून मागे साधी काच आधाराला द्यायची. दोन्हींत लाल काचेला धग लागू द्यायची नाही, सोल्डरिंग आयर्न एका जागी थांबलं की जुनी काच तडकते. आणि कडा अजिबात घासायच्या नाहीत, नाहीतर चांदणीचे कोन जुळणार नाहीत.

ऐरोलीत आमचा चौघींचा गट आहे, दर रविवारी बसतो. घेऊन या, साध्या तुकड्यांवर आधी करून दाखवते, मग तुम्ही ठरवा.

नौपाड्याचा_निखिल

चिरेची रेघ राहू दे असं मला वाटतं. घर उतरवतानाची ती एक खूण.

सदाशिव_ठाणे

मला नाही पटत. खूण आठवणीत राहते, तावदान अखंड दिसायला हवं. इपॉक्सीच करा.

कासारआळी

नव्या घरात तावदानं कुठे बसवणार? पूर्वेला बसवलीत तर संध्याकाळची चांदणी मिळणार नाही.

चरईकरीण

सगळ्यांचे किती आभार मानू.

बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, डोळे मिटून लाल बाजूवरून नख फिरवलं. पायरी लागली. मग भिंग मागितलं. चांदणीच्या एका पाकळीत बारीक समांतर ओरखडे आहेत, म्हणजे चाकावर घासलेली. सहा पाकळ्यांपैकी एक किंचित आखूड आहे, हे आम्हाला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. बाबा म्हणाले, त्याचा हात तिथे जरा लवकर उचलला गेला असेल.

काचवाल्याला हमीबद्दल विचारलं, तो विषय तिथेच संपला.

कासारआळी ताई, तुमच्या प्रश्नामुळे रात्री नकाशा काढून बसलो. नव्या फ्लॅटला पश्चिमेची एकच खिडकी आहे, स्वयंपाकघराची. कमान तिच्यात बसणार नाही, पण हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत बसते, आणि खिडकीतून आलेलं ऊन तिथवर पोहोचेल असा आर्किटेक्टचा अंदाज आहे. मापं परवा घेणार.

रेघ की इपॉक्सी, ते बाबांवर सोडलंय. मृणाल, रविवारी आम्ही दोघंही येतो. किती वाजता?

घणसोलीची_मृणाल

अकराला या. ट्रान्स हार्बरच्या लोकलने ऐरोलीला उतरा, मी स्टेशनवर येते. तुकडे वर्तमानपत्रात नको, टॉवेलमध्ये वेगवेगळे गुंडाळा.

रबाळे३१

मीही येऊ का? ती उडालेली कपची टाकली नसेल तर सोबत आणा. लाल रेघ मला एकदा भिंगाखाली बघायची आहे.

चरईकरीण

काका, नक्की या. कपची बाबांनी काडेपेटीत कापूस घालून ठेवली आहे.